मागची सीट

पाटण मागं पडलं आणि गाडीचं सरकतं दार पुन्हा एकदा आपोआप उघडलं.

थोडंथोडकं नाही, चांगलं हातभर. बाहेरचा रस्ता सर्रकन मागं पळताना दिसला, धुळीचा लोट आत आला आणि मांडीवर झोपलेल्या शर्वरीला मी असं काही कवटाळलं की ती दचकून रडायलाच लागली.

“अहो, थांबवा! आधी गाडी थांबवा!”

“थांबायची काय गरज नाय, वहिनी.” दाराशेजारी बसलेल्या संग्रामभाऊजींनी दार ओढलं, धाडकन लावलं आणि त्याला खांदा टेकून बसले. “कॉमन प्रॉब्लेम आहे. ह्या मॉडेलचं लॅच झिजतं. आमच्या ग्रुपवर निम्म्या लोकांची हीच तक्रार.”

“मग ते दुरुस्त करून घ्यायचं ना, पोरीला घेऊन निघायच्या आधी?”

“वहिनी असताना आपल्याला सेफ्टी फीचर कशाला लागतंय, काय रे दादा?”

गाडी चालवणारे माझे मिस्टर, धैर्यशील, आरशातून माझ्याकडं बघून हसले. त्यांच्या शेजारी कानाला स्कार्फ गुंडाळून बसलेल्या माझ्या सासूबाई मात्र हसल्या नाहीत. आमच्या कराडकडं सासूला आत्या म्हणतात. आत्या सकाळपासून कुणाशी फारसं बोललेल्याच नव्हत्या.

ती करड्या रंगाची आठ सीटांची जुनी गाडी भाऊजींनी नुकतीच साताऱ्याहून आणली होती. त्या मॉडेलच्या मालकांचा फोनवर एक ग्रुप होता आणि गाडी दारात यायच्या आधीच भाऊजी त्यात सामील झाले होते. डावीकडं वळलं की कुणी न दाबता हॉर्न वाजतो, मागचा वायपर कोरड्या काचेवर फिरायला लागतो, दारं बंद असतानाही मागचा दिवा लागतो, ड्रायव्हरची काच खाली केली की वर येत नाही, सेंट्रल लॉक मनाला येईल तेव्हा पडतं. लोक तिथं हे सगळं लिहायचे आणि आपल्या गाडीत त्यातलं एकेक सापडलं की भाऊजींना कुंडली जुळल्यासारखा आनंद व्हायचा.

आम्ही निघालो होतो शर्वरीचं जावळ काढायला. तिला तिसरं लागलं होतं, केस मानेखाली आले होते आणि कात्री लावायची ती कुलदेवीच्या पायरीवरच, असा घरचा रिवाज. देवी खिंडाई, डोंगरापलीकडच्या खोऱ्यात. मार्गशीर्षातला मंगळवार होता. ऊन कोवळं म्हणता म्हणता तापायला लागलं होतं.

घाटाच्या पायथ्याशी आत्यांनी मान वळवली. “आता इथनं फुडं देवीची पायरी लागंपत्तुर पोरीचं नाव घ्यायचं न्हाई कुणी.”

“का हो, आत्या?”

“न्हाई घेत.”

“ऐकणारं ऐकतंय म्हणे, वहिनी,” भाऊजींनी डोळे मोठे केले. “आणि मग तेच हाक मारायला लागतंय. आपल्याच आवाजात.”

“संग्राम, जीभ आवर.”

आत्यांचा आवाज असा होता की भाऊजी खरंच गप्प बसले.

मी बी.एस्सी.ला मायक्रोबायोलॉजी घेतलेली. दूध उकळल्यावर पुन्हा उकळणारी, शर्वरीची खेळणी गरम पाण्यातून काढणारी बाई. न दिसणाऱ्या गोष्टींची भीती मला नवी नव्हती, फक्त माझ्या न दिसणाऱ्या गोष्टींना पुस्तकात नावं होती. त्यामुळं आत्यांच्या बोलण्याला मी मनातल्या मनात हसले. पण खरं सांगायचं तर त्यानंतर शर्वरीला मी ‘बाळा’, ‘पिल्लू’ असंच म्हणत राहिले. एवढीशी गोष्ट पाळायला काय जातंय, असं वाटलं.

घाट सुरू झाला. रस्ता अरुंद, समोरून एक वाहन नाही. प्रत्येक डाव्या वळणाला हॉर्न आपोआप वाजायचा आणि तो आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत यायचा. परत येणारा आवाज थोडा उशिरा यायचा आणि थोडा वेगळा वाटायचा. बोलले असते तर भाऊजींनी पुन्हा ग्रुप काढला असता.

“मागं काय भरलंय रे एवढं?” धैर्यशील म्हणाले. “गाडी मागून बसलीय नुसती.”

“काय नाय. मागची सीट रिकामीच आहे. स्प्रिंगचे पाटे थकलेत, दादा. कॉमन.”

शर्वरी आता जागी झाली होती. माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून ती मागं बघत होती. जरा वेळानं ती खुदकन हसली, तोंड माझ्या मानेत लपवलं, हळूच वर काढलं आणि म्हणाली, “भोऽक!”

मी मागं वळून बघितलं. रिकामी सीट. रेक्झिनवर उन्हाचा एक चौकोन पडला होता आणि वळणागणिक इकडून तिकडं सरकत होता. छताचा मागचा दिवा लागलेला होता.

“कुणाला भोऽक करतेस गं, पिल्लू?”

“ती.”

“कोण ती?”

शर्वरीनं बोट दाखवलं. मग पुन्हा तोंड लपवलं.

“खेळतंय पोरगं, वहिनी, खेळू द्या,” भाऊजी म्हणाले. पण मी पुढं बघितलं तर आत्यांनी अर्धी मान वळवली होती आणि त्या मागच्या सीटकडं बघत होत्या. मी बघते आहे हे लक्षात आल्यावर त्यांनी तोंड पुन्हा समोर केलं.

माझं डोकं जड झालं होतं. पोटात ढवळत होतं. घाट लागला की मला होतंच तसं, म्हणून मी सोडून दिलं. जळकट असा एक वास येत होता, तोही जुन्या गाडीचाच म्हणून सोडून दिला. शर्वरी खेळता खेळता माझ्या खांद्यावर झोपली. मघाशीच तर उठली होती.

“संग्राम, काटा वर चढतोय,” धैर्यशील म्हणाले.

“हीटर फुल लाव. इंजिनची गरमी आत खेचून घेतो तो. ग्रुपवर सगळे तेच करतात.”

गरम हवेचा झोत आत आला. काचा उघडायची सोय नव्हती. मधल्या काचा जाम होत्या, ड्रायव्हरची काच खाली केली तर वर आली नसती, आणि आत्यांच्या बाजूची काच आत्यांच्या कानांसाठी बंद. खिंडीच्या तोंडाशी गाडी लावली तेव्हा मळमळून माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

“इंजिन बंद करू नको हां, दादा,” भाऊजी उतरता उतरता म्हणाले. “तापलेलं एकदम बंद केलं तर हेड जाईल. चालू राहू दे.”

दोघं पुढं जाऊन बॉनेट उघडायला लागले. आत्याही उतरल्या, आपलं दार लावलं आणि न बोलता रस्त्याच्या कडेच्या करवंदीच्या जाळीकडं गेल्या. आडोशाला जात असतील असं मला वाटलं. पण त्या जाळीपाशी जाऊन नुसत्याच उभ्या राहिल्या, आमच्याकडं पाठ करून.

मी शर्वरीला मधल्या सीटवर आडवी केली, शाल दुमडून डोक्याखाली दिली आणि उतरले. लांब गेले नाही. हात लांब केला तर दाराला लागेल इतक्या जवळ उभी राहून ओकले. तोंड पुसायला पदर वर घेतला तेवढ्यात मागं चाकं फिरल्यासारखा आवाज झाला. उतारावर उभ्या असलेल्या गाडीचं दार आपणहून सरकत आलं आणि बंद झालं. मागोमाग आतून खट्ट असा आवाज आला.

मी मूठ धरून दार ओढलं. हललं नाही.

“भाऊजी! लॉक पडलं!”

ते धावत आले. सरकतं दार, पुढची दारं, मागची डिकी, सगळं घट्ट. किल्ली आत, इंजिनला लावलेली. दुसरी किल्ली कराडला देवघरातल्या खुंटीवर.

“कॉमन…” भाऊजी म्हणाले आणि थांबले.

आत हीटरचा पंखा घोंघावत होता. मी काचेला दोन्ही हात लावून आत बघितलं. काचांना कुणा जुन्या मालकानं जाड काळी फिल्म लावलेली, पण डोळे चिकटवले की दिसायचं. शर्वरी उठून बसली होती. गाल लाल झाले होते, केस कपाळाला चिकटले होते. ती रडत नव्हती. मागच्या सीटकडं तोंड करून, गुडघ्यांवर उभी राहून ती शांतपणे कुणाचं तरी ऐकत होती. मध्येच मान हलवत होती.

“पिल्लू! इकडं बघ! आईकडं बघ!”

तिनं बघितलं नाही.

“तिला त्या लॉकचं बोंडूक वर करता येतंय,” धैर्यशील म्हणाले. “घरी गाडीत खेळताना करते ती. तिला सांग वर करायला.”

“बाळा! ते वर ओढ! इकडं बघ गं, सोन्या!”

भाऊजींनी धोंडा उचलला आणि ड्रायव्हरच्या काचेवर घातला. धोंडा त्यांच्या हाताला झिणझिण्या आणून परत आला. पुन्हा घातला. काचेला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे गेले, पण फिल्मनं सगळे तुकडे धरून ठेवले. काच जागची हलेना.

आणि तो जळकट वास. आता मोकळ्या हवेत उभी होते तेव्हा तो किती दाट होता ते मला कळलं. दाराच्या फटीतून येत होता. आत, मागच्या सीटच्या पायाशी निळसर काहीतरी तरंगत होतं. माझं डोकं जड का झालं होतं, पोरगी उठल्या उठल्या पुन्हा का झोपली, हे सगळं एका क्षणात माझ्यासमोर उभं राहिलं.

“धूर आहे आत!” मी किंचाळले. “गाडीचा धूर आत येतोय! ती मरेल!”

धैर्यशीलनी भावाच्या हातातून धोंडा घेतला आणि वेड्यासारखे घालत सुटले.

मग मी रिवाज-बिवाज सगळा सोडला. “शर्वरी!” मी ओरडले. “शर्वरी! शर्वरी!”

खिंडीतून माझाच आवाज परत आला. शर्वरी, शर्वरी. काचेआड माझी मुलगी जागची हलली नाही. स्वतःच्या नावाला ती झोपेतही हुंकार द्यायची. आता ती त्या रिकाम्या सीटकडं हात पुढं करत होती, कुणी उचलून घ्यावं म्हणून करतात तसा. सीटच्या पाठीवरून पलीकडं जायला ती एक पाय वर टाकत होती.

माझ्या खांद्याला धक्का बसला. आत्या होत्या. करवंदीकडून कधी पळत आल्या कळलं नाही. स्कार्फ गळून पडला होता. त्यांनी दोन्ही तळहात काचेवर आपटले.

“हौसा!”

हे नाव मी त्या घरात कधी ऐकलं नव्हतं. धैर्यशीलनीही नसावं, कारण त्यांचा उगारलेला हात तसाच राहिला.

“हौसा! ए हौसा! हिकडं बघ!”

आत शर्वरीची मान वळली. डोळे अर्धवट मिटलेले. ती माझ्याकडं बघत नव्हती. आत्यांकडं बघत होती.

“मी आलीया, बाय,” आत्या काचेला तोंड लावून म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता, अंगाई म्हणावी तसा. “आई आलीया तुजी. तिला सोड. ती दुसऱ्याची हाय. दार उघड, हौसा. उघड माजी बाय.”

खट्ट.

सगळ्या दारांची बोंडकं एकदम वर आली. शर्वरी दारापासून लांब होती. तिचे दोन्ही हात सीटच्या पाठीवर होते.

मी दार सरकवलं आणि तिला ओढून घेतलं. आतली हवा तोंडावर भट्टीसारखी आली. पळत पळत तिला चढावर वाऱ्याला नेलं. माझ्या खांद्यावर ती चिंधीसारखी लोंबत होती. मी तिच्या पाठीवर थापट्या मारत होते, काय बडबडत होते देव जाणे. मग तिला एक मोठा ठसका लागला, ती ओकली आणि भोकाड पसरलं. ते रडणं ऐकून मी रस्त्यातच खाली बसले.

भाऊजींनी इंजिन बंद केलं. खिंडीत एवढी शांतता पसरली की वाळलेलं गवत हलल्याचं ऐकू येत होतं.

नंतर कराडच्या मेकॅनिकनं गाडी वर चढवून दाखवली. मागच्या सीटच्या बरोबर खाली सायलेन्सरचा पाइप फाटला होता आणि वरचा पत्रा गंजून त्याला भोक पडलं होतं. दाराच्या वायरींची साल गेली होती. लॉक जसं आपोआप पडायचं तसं आपोआप उघडायचंही, तो म्हणाला, त्यात विशेष काही नाही. मी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मला ते पटलंही. पण तो तिथं नव्हता.

त्या वेळी खिंडीत आम्ही दगडांवर बसलो होतो. शर्वरी पाणी प्यायली, बिस्कीट खायला लागली. मी तिच्या ओठांचा रंग बघत होते, नखं बघत होते. धैर्यशील आईसमोर उकिडवे बसले.

“आई, हौसा कोण?”

आत्यांनी आधी गाडीकडं बघितलं. मग म्हणाल्या, “तुजी थोरली बहीण.”

“मला बहीण…”

“तू व्हायच्या आधीची. हिच्याएवढीच. जावळाला आणत हुतो. जीपड्यात सगळी भावकी कोंबलेली. मी तिला घिऊन मागं. लई धूर यायचा मागं. घाट चढता चढता पोरगी निजली ती उठंना. मी हलवलं. बाळ म्हटलं, बाय म्हटलं. माज्या सासूबाई, मोठ्या आत्या, फुडं बसलेल्या, म्हणाल्या, निजू दे, नाव घिऊ नकोस हां खिंडीत.” त्यांनी गुडघ्यावरची धूळ झटकली. तिथं धूळ नव्हती. “म्या न्हाई घेतलं.”

भाऊजी जमिनीकडं बघत होते.

“कुठं…” मी विचारलं आणि अर्ध्यात थांबले.

“त्या जाळीमागं. त्याच सांजंला. मग घरी आल्यावर सगळी म्हणाली, आता तिचं नाव काढायचं न्हाई, दुसरं प्वार टिकायचं न्हाई. म्हणून न्हाई काढलं. ह्यो झाला, मग संग्राम झाला. हेंचं जावळ घिऊन दोन बारीला ह्याच वाटंनं गेले, तवाबी न्हाई.” त्या माझ्याकडं वळल्या. “एवढ्या वर्सात तिला कुणी हाक मारली न्हाई गं, सूनबाई. मग ती दुसऱ्याच्या हाकंला ओ दीलच की.”

मला म्हणायचं होतं की तो धूर होता, आत्या, धुरानं मुलांना गुंगी येते, भास होतात, तेव्हाही धूरच होता. सगळं बरोबर होतं. जिभेवर आलेलं मी गिळलं.

शर्वरीनं बिस्कीट अर्धं खाल्लं होतं. उरलेलं तिनं मुठीत धरलं आणि गाडीकडं बघून म्हणाली, “तिला पण दे.”



“कुणाला, बाळा?” आत्यांनी विचारलं.

“ती मागं बसलीय. तिला भूक लागलीय.”

आत्या उठल्या. गुडघ्यांवर हात देऊन उठायच्या तशा नाही, तटकन उठल्या. डिकीकडं गेल्या आणि नैवेद्याचा पितळी डबा काढला. पुरणपोळ्या त्यांनी पहाटे ओल्या साडीनं, तोंडातून शब्द न काढता केल्या होत्या. देवीला दाखवल्याशिवाय त्याचा वास घ्यायचीही कुणाला परवानगी नव्हती.

“आई,” धैर्यशील चाचरत म्हणाले, “तो नैवेद्य आहे देवीचा.”

“देवी थांबंल,” आत्या म्हणाल्या. “ही लई थांबलीया.”

दारं सगळी सताड उघडी होती. वारा आरपार जात होता. आत्या वाकून आत शिरल्या, मागच्या सीटवर एका कडेला बसल्या, शेजारी जागा सोडून. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. तुपाचा आणि जायफळाचा वास त्या जळकट वासात मिसळला. मग पोळी मोडली गेली, आणि घास भरवताना आपण बोलतो ना, तसं त्या हळू आवाजात कुणाशी तरी बोलायला लागल्या.

सगळ्या घरावर डोळा ठेवणारी मी. पण त्या वेळी मी शर्वरीला उचललं आणि गाडीकडं पाठ करून उभी राहिले, त्यांचं होईपर्यंत.